आधी गिऱ्हाईक शोधा, मग हॉटेल

मुंबईत स्वस्त खाणं मिळवणं अवघड नाही आणि चांगलं खाणं मिळवणंही अवघड नाही. पंचाईत होते ती दोन्ही एकाच ताटात हवं असलं की. शहरात नवा आलेला माणूस त्यासाठी सहसा चार वाटा धरतो. ओळखीच्यांना विचारतो, फोनवर तारे मोजतो, रांग दिसेल तिथे उभा राहतो, नाहीतर कुणाच्या तरी व्हिडिओत पाहिलेल्या ठिकाणाचा पत्ता शोधत अर्धं शहर ओलांडतो. या चारही वाटांनी कधी ना कधी चांगलं जेवण मिळतं, हे खरंच आहे. पण चारहींत उणीव एकच. दुसऱ्याला काय आवडलं एवढंच त्यांतून कळतं. एखाद्या हॉटेलवाल्याला कमी पैशांत चांगलं खाऊ घालणं परवडतं का, आणि परवडत असेल तर कशामुळे, हे कळत नाही. ते एकदा उमगलं की अनोळखी गल्लीतही बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. स्वस्त आणि चांगलं खाणं हा मालकाच्या सद्गुणाचा किंवा आपल्या नशिबाचा भाग क्वचितच असतो. तेच गिऱ्हाईक रोज येतं, त्या गिऱ्हाइकाला शेजारी दुसरं ठिकाण उपलब्ध असतं आणि मालकाच्या डोक्यावर जागेचं ओझं हलकं असतं, या तीन गोष्टी जुळतात तिथे ते टिकतं. म्हणून हॉटेल शोधण्याआधी त्याचं गिऱ्हाईक कोण आहे ते शोधावं.

यातली पहिली अट सर्वांत महत्त्वाची. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं, की मालाची खरी प्रत विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावू शकतो. पुढे २००१ मध्ये नोबेल मिळालेल्या त्यांच्या कामाचा हा गाभा. हॉटेलात तर हा खेळ रोज चालतो. कढईतलं तेल कितव्यांदा तापतंय, कालची उरलेली भाजी आजच्या रश्श्यात गेली आहे का, दह्यात पाणी किती, हे भटारखान्याला माहीत असतं. गिऱ्हाइकाला ते जेवल्यावर कळतं, काही वेळा तर दुसऱ्या दिवशी पोट सांगतं. हे गिऱ्हाईक पुन्हा दारात येणारच नसेल, तर मालाशी तडजोड करण्यात मालकाचा तोटा काहीच नाही. तेच गिऱ्हाईक उद्या दुपारी पुन्हा यायचं असेल, तर आज वाचवलेले दोन रुपये उद्याच्या गल्ल्यातून वजा होतात. लांब पल्ल्याच्या गाड्या सुटतात त्या टर्मिनसबाहेर किंवा पर्यटनस्थळाच्या तोंडाशी बेचव आणि महाग जेवण का मिळतं, याचं उत्तर इथे आहे. पण ‘स्टेशनाजवळ खाऊ नये’ असा सरसकट नियम मुंबईत चालत नाही. करोनाच्या आधीपर्यंत इथली लोकल रोज सत्तर लाखांहून अधिक प्रवासी वाहत होती. दादर, ठाणे किंवा बोरिवलीच्या पुलाखालून सकाळ-संध्याकाळ जाणारा माणूस तोच असतो. १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी दादर स्टेशनाबाहेर वडापावची गाडी लावली ती अशाच गिऱ्हाइकासाठी. स्टेशन तेच, पण वाटसरू आणि रोजचा प्रवासी यांच्यासाठी होणारा स्वयंपाक निराळा.

मुंबईच्या खाण्याचा इतिहास पाहिला तर ही अट पुन्हा पुन्हा समोर येते. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार बायकामुलं गावी ठेवून एकेका खोलीत दहा-वीस जणांच्या सोबतीने राहायचा. त्याला जेवू घालणाऱ्या खानावळी बहुतांशी बायकाच चालवत. हिशोब महिन्याचा, पैसे पगाराला. अशा गिऱ्हाइकाला एक दिवस पातळ आमटी वाढली तर तो दुसऱ्या दिवशी तोंडावर बोलणार आणि पुढच्या महिन्यापासून शेजारच्या चाळीतली बाई गाठणार. या खानावळवाल्या सावकाराच्या व्याजात अडकलेल्या असत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून त्यांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. १९८२ चा संप झाला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि गिऱ्हाईक पांगलं तशा खानावळीही आटल्या. माटुंग्यात नोकरीसाठी आलेल्या दाक्षिणात्यांमुळे उडुपी हॉटेलं रुजली. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून तिथे केळीच्या पानावर जेवण वाढतं आहे. धोबीतलावचं कयानी हे इराणी हॉटेल १९०४ चं, भेंडीबाजारातलं नूर मोहम्मदी हॉटेल १९२३ चं. इराण्याकडचा ब्रुन मस्का, भेंडीबाजारातली नळी निहारी, फोर्टच्या लंच होममधला फिश करी राईस, या सगळ्यांची चव वेगळी, पण मूळ गिऱ्हाइकाची जात एकच. घरापासून लांब राहणारा, मोजका पगार असलेला आणि रोज बाहेर जेवणं भाग असलेला माणूस तो. आजही हेच सूत्र लागू पडतं. पुण्यात सदाशिव आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसाठी चालणाऱ्या मेस गिरणगावच्या खानावळींचीच पुढची पिढी आहेत.

दुसरी बाब जागेची. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ टायलर कॉवेन यांनी २०१२ मध्ये खाण्याच्या अर्थकारणावर एक पुस्तक लिहिलं. त्यांचा सल्ला असा, की चांगलं आणि स्वस्त खायचं असेल तर कमी भाड्याच्या जागा गाठाव्यात, कारण जास्त भाडं शेवटी ताटातूनच वसूल होतं. मुंबईकर यावर हसेल, कारण इथे कमी भाड्याची जागा उरलीच कुठे? ती उरली आहे, पण नकाशावर दिसत नाही, कारण ती जुन्या कागदपत्रांत दडलेली आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. १९९९ च्या नव्या कायद्यानेही वर्षाला फक्त चार टक्के वाढीची मुभा दिली, आणि बँका व मोठ्या भांडवलाच्या कंपन्यांना हे संरक्षण नाकारलं. याचा एक परिणाम असा, की गिरगाव, काळबादेवी, फोर्ट, दादर, लालबाग इथल्या जुन्या पागडीच्या गाळ्यात तीन पिढ्या बसलेला हॉटेलवाला शेजारच्या नव्या काचेच्या दुकानापेक्षा कितीतरी कमी भाडं भरतो. घरमालकांवर या कायद्याने अन्याय झाला आणि इमारती मोडकळीला आल्या, हा आक्षेप रास्त आहे. पण स्वस्त ताट टिकण्यामागे त्याचा हात आहे, हेही तितकंच खरं. म्हणून गाळ्याचं वय पाहावं. जुनी लाकडी खुर्ची, उंच छत, संगमरवरी टेबल यांचं मोल केवळ आठवणींचं नाही; हा माणूस नव्या भावाने भाडं भरत नसावा, अशी ती खूण असते. जागा जुनी नसेल तर अडचणीची असावी. पहिला मजला, तळघर किंवा गल्लीच्या आतलं चौथं दुकान. रामा नायकांचं बोर्डिंगही स्टेशनाजवळच्या बाजाराच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. याउलट वांद्रे-कुर्ला संकुलासारख्या आखीव भागात छोटा, जुना गाळा नावालाही नाही. तिथल्या हजारो नोकरदारांचं स्वस्त जेवण म्हणून डब्यातून, कँटीनमधून किंवा फाटकाबाहेरच्या गाडीवरून येतं.

आता या विचारावरचा सर्वांत वजनदार आक्षेप. गिऱ्हाईक रोजचं असलं की जेवण चांगलंच असतं का? एखाद्या औद्योगिक वसाहतीत मैलभर दुसरं काही नसताना चालणारं एकमेव हॉटेल, कॉलेजच्या आवारातलं ठेक्याचं कँटीन, रुग्णालयाच्या दारातला उपाहारगृहवाला यांच्याकडेही तेच चेहरे दिवसेंदिवस येतात, आणि जेवण यथातथाच असतं. हा आक्षेप मान्य करावाच लागतो आणि त्यातूनच तिसरी अट निघते. गिऱ्हाईक रोज येणं पुरेसं नाही. रागावलं तर त्याला जायला दुसरी जागा हवी. अडलेल्या गिऱ्हाइकाचा धाक कुणाला वाटत नाही. म्हणून एकट्या हॉटेलापेक्षा हॉटेलांचा पुंजका पाहावा. फोर्टमध्ये दुपारी एक वाजता उच्च न्यायालयातल्या वकिलांचे कारकून, बँकांतले कर्मचारी, कुरिअरवाले आणि छोट्या पेढ्यांतली माणसं एकाच वेळी बाहेर पडतात, आणि त्यांच्यासाठी चार पावलांवर मंगळुरी, केरळी, मालवणी, उडुपी असे पाच-सहा पर्याय असतात. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या परिसरात उडुपी हॉटेलं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. इडली जरा घट्ट झाली तर गिऱ्हाइकाला रस्ता ओलांडण्यापलीकडे काही करावं लागत नाही. एकाच प्रकारची हॉटेलं एकाच ठिकाणी गर्दी करतात तेव्हा धंदा विभागला जातो असं वाटतं. खाणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती एकमेकांवर पहारा ठेवत असतात.

हे सगळं बाहेरून पाहण्याचं झालं. आत बसल्यावर ताटातही या अटींच्या खुणा दिसतात. मुंबईच्या साध्या हॉटेलातली राईस प्लेट घ्या. चपात्या किंवा पुऱ्या, एक उसळ, एक भाजी, आमटी, भात, पापड, लोणचं, कधी ताक. यादीत काहीच विशेष नाही, पण पाहणाऱ्याला बरंच सांगून जाते. पहिली गोष्ट उसळ. सोमवारी मटकी, मंगळवारी चवळी, बुधवारी वाटाणा, असा फेर चालत असेल तर समजावं की इथे रोज जेवणारी माणसं आहेत. कारण एकदाच येणाऱ्याला रोज तीच मटकी वाढली तरी त्याच्या लक्षात येणार नाही. दुसरी गोष्ट आमटी. बाराला दाट असलेली आमटी अडीचला पाण्यासारखी होत असेल, तर शेवटच्या पंगतीची मालकाला पर्वा नाही. तिसरी गोष्ट नकार. ‘पालेभाजी संपली’, ‘आज ताक नाही’ असं वेटर सरळ सांगत असेल, तर तिथे मोजका माल येतो आणि त्याच दिवशी संपतो. दीडशे पदार्थांचं मेन्यू कार्ड असलेल्या छोट्या हॉटेलात मात्र काहीच संपत नाही, आणि न संपण्याचं कारण बहुधा फ्रीजमध्ये असतं. छोटी यादी आणि ठरलेलं ताट यांचा पैशाशीही थेट संबंध आहे. ऑर्डर घ्यायला वेळ जात नाही, नासधूस कमी होते, एका खुर्चीवर दुपारभरात चार-पाच माणसं जेवून जातात. प्रत्येक ताटामागे सुटणारा नफा थोडा असला तरी ताटं पुष्कळ होतात. टेबलावर अनोळखी माणसाशेजारी बसावं लागतं ते याच हिशोबामुळे. ती गैरसोय म्हणजे आपण भरलेल्या किमतीचाच एक भाग.

‘स्वस्त’ म्हणजे किती, यालाही काही माप हवं. महाराष्ट्र सरकारने २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन योजना सुरू केली. ताट ठरलेलं होतं. तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात आणि शंभर ग्रॅम वरण. जेवणाऱ्याने द्यायचे दहा रुपये, पण शहरी केंद्राला ताटामागे पन्नास रुपये मिळतील अशी तजवीज सरकारने केली. उरलेले चाळीस तिजोरीतून. म्हणजे त्या वर्षी शहरात अगदी साधं, मोजून वाढलेलं जेवणही पन्नास रुपयांखाली परवडणार नाही, असा खुद्द सरकारचा अंदाज होता. याआधी १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आली होती. त्या दरात धंदा बसेना, तेव्हा कित्येक केंद्रांवर हळूहळू वडापाव आणि इतर पदार्थ विकले जाऊ लागले. यातून घ्यायचा धडा सोपा आहे. भाव खर्चाच्याही खाली असेल, तर फरक कुणीतरी भरत असतो. सरकार नसेल तर कच्चा माल भरतो. त्यामुळे परिसरातल्या साधारण भावापेक्षा फारच स्वस्त ताट दिसलं तर खुश होण्याऐवजी सावध व्हावं. तुलना करतानाही एका पदार्थाचा भाव न पाहता पोट भरेपर्यंत किती पैसे लागले ते पाहावं. बाटलीबंद पाणी, कर आणि न विचारता लावलेलं सेवा शुल्क मिळून मेन्यूवरचा भाव आणि बिलाचा आकडा यांत बरंच अंतर पडतं.

माशाच्या ताटाचा हिशोब जरा वेगळा, म्हणून तो स्वतंत्रपणे पाहायला हवा. पापलेट आणि सुरमई यांचा भाव बाजारात इतका चढा असतो की स्वस्त हॉटेलात ते मागणं म्हणजे लहान किंवा शिळा तुकडा पदरात पाडून घेणं. बांगडा, मांदेली, तारली आणि ओले बोंबील हे रोजच्या माणसाचे मासे. ते स्वस्त असतात, लवकर खराब होतात, म्हणून आणणाऱ्याला त्याच दिवशी संपवावे लागतात. मालवणी खानावळीची परीक्षा बांगड्याच्या ताटावर करावी ती यासाठी. दुसरी खूण पावसाळ्यातली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. या दोन महिन्यांत ज्या ठिकाणी फळ्यावरची यादी आखडते, सुकट, सुके बोंबील आणि सोडे पुढे येतात, कोंबडी-अंड्याचा जोर वाढतो, तिथला मालक बाजार पाहून स्वयंपाक करतो असं समजायला हरकत नाही. जिथे जुलैच्या भर पावसातही पापलेट, सुरमई, हलवा, रावस सगळं एकाच भावात हजर असतं, तिथे बर्फातल्या किंवा दूरच्या मालावर काम चाललेलं असण्याची शक्यता अधिक. खडूने लिहिलेला फळा छापील कार्डापेक्षा म्हणूनच भरवशाचा. तो रोज पुसता येतो.

मग फोनवरच्या ताऱ्यांचं काय? इतक्या लोकांनी दिलेलं मत एका माणसाच्या तर्कापेक्षा शहाणं नसेल का? तारे निरुपयोगी नाहीत. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी सिएटलमधल्या हॉटेलांचे आकडे तपासून २०११ मध्ये दाखवलं, की येल्प या संकेतस्थळावर एक तारा वाढला तर उत्पन्न पाच ते नऊ टक्क्यांनी वाढतं, आणि हा परिणाम साखळी हॉटेलांवर न होता स्वतंत्र हॉटेलांवर होतो. म्हणजे नावाजलेल्या साखळीखेरीज इतरांना वर येण्याची संधी ताऱ्यांनी दिली. पण तारा पैसा देतो म्हटल्यावर तो विकत घेण्याचा मोहही आला. लुका आणि जॉर्जिओस झर्वास यांच्या २०१६ मधल्या अभ्यासात बोस्टनमधल्या हॉटेलांवरचे सुमारे सोळा टक्के अभिप्राय संशयास्पद म्हणून येल्पनेच बाजूला काढलेले आढळले. ज्यांची पत कच्ची आणि ज्यांच्या शेजारी स्पर्धा तीव्र, त्यांच्याकडे हे प्रमाण जास्त. आपल्याकडे घरपोच खाणं पोचवणाऱ्या अ‍ॅपमुळे आणखी एक गाळणी लागते. त्यांचं कमिशन वीस-तीस टक्क्यांच्या घरात जातं अशी हॉटेलवाल्यांची तक्रार आहे, आणि हॉटेल व्यावसायिकांच्या संघटनेच्या अर्जावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये झोमॅटो आणि स्विगी यांच्या चौकशीचा आदेशही दिला. ज्याच्या ताटामागे मुळात दहा-पंधरा रुपयेच सुटतात, तो हे कमिशन आणि वर डब्यांचा खर्च कुठून देणार? तो भाव वाढवतो, माल घटवतो किंवा अ‍ॅपवर येतच नाही. म्हणजे आपण शोधत असलेलं ठिकाणच या यादीत दिसण्याची शक्यता कमी. अभिप्राय वाचायचेच तर तारे सोडून मजकूर वाचावा. ‘रोज इथेच जेवतो’, ‘हल्ली आमटी पातळ झाली’, ‘गुरुवारी वाल असतात’ अशी वाक्यं लिहिणारा माणूस आपल्या कामाचा. ‘अप्रतिम वातावरण’ लिहिणारा एकदाच आलेला असतो.

गर्दीचंही तसंच. गर्दी ही खूण खरी, पण कुणाची गर्दी ते पाहावं लागतं. ज्या रांगेतले अर्धे लोक फोन काढून फोटो घेत आहेत, ती रांग प्रसिद्धीची. ज्या टेबलांवरची माणसं मेन्यू न पाहता ऑर्डर देतात, ज्यांना वेटर नुसतं ‘नेहमीचं?’ विचारतो, ज्यांच्या गळ्यात जवळच्याच कचेऱ्यांची ओळखपत्रं लटकतात, ती गर्दी विश्वासाची. वेळही महत्त्वाची. कचेऱ्यांच्या भागातल्या हॉटेलाची परीक्षा मंगळवारी दुपारी होते. रविवारी रात्री तिथे बसून काहीच कळत नाही, कारण त्या वेळी पहारा देणारं गिऱ्हाईक घरी असतं. प्रसिद्धी आली की गिऱ्हाईक बदलतं, आणि गिऱ्हाईक बदललं की हॉटेलही बदलतं. कारकुनांना फिश करी राईस वाढत सुरू झालेली फोर्टमधली काही लंच होम्स आज खेकड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या महागड्या जागा आहेत. त्यांचं जेवण वाईट झालं असं नाही, ते आता दुसऱ्या कुणासाठी शिजतं इतकंच. दहा वर्षांपूर्वीची शिफारस म्हणून आजच्या गिऱ्हाइकाशी पडताळून घ्यावी लागते.

स्वच्छतेचा प्रश्न टाळता येणार नाही. स्वस्त हॉटेल म्हणजे मळकं हॉटेल, अशी समजूत आहे आणि तिला आधारही पुष्कळ आहे. पण पोट बिघडण्याचा संबंध भिंतीच्या रंगापेक्षा अन्न किती वेळ आणि कोणत्या तापमानाला पडून राहिलं याच्याशी अधिक असतो. ज्या पातेल्यातलं सांबार दर अर्ध्या तासाला संपतं आणि नवं उकळून येतं, ते चकचकीत हॉटेलातल्या दिवसभर कोमट राहिलेल्या रश्श्यापेक्षा निर्धोक. खरा धोका न शिजवलेल्या गोष्टींत आहे. पाणी, बर्फ, चिरून ठेवलेला कांदा, पातळ चटणी. पावसाळ्यात एवढ्या टाळल्या तरी बरंच साधतं. शिवाय कायद्याचा आधार आहे. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा, आणि त्यानुसार प्रत्येक खाद्य व्यावसायिकाकडे नोंदणी किंवा परवाना असायला हवा. त्याचा चौदा आकडी क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही छापणं बंधनकारक आहे. हा क्रमांक असला म्हणजे भटारखाना आरशासारखा असेलच असं नाही, पण तक्रार करायला पत्ता तरी मिळतो. हात धुण्याच्या बेसिनची अवस्था आणि टेबल पुसण्याचं फडकं या दोन गोष्टी क्रमांकापेक्षाही जास्त बोलतात, कारण जे समोर दिसतं तिथेच हयगय असेल तर पडद्यामागे काय असेल ते सांगायला नको.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे. ताट स्वस्त पडतं ते भाड्यामुळे की राबणाऱ्याच्या पोटावर पाय दिल्यामुळे? या धंद्यात ‘पोऱ्या’ हाक मारली की धावत येणारी लहान मुलं कित्येक वर्षं गृहीत धरली गेली. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलं आणि ढाब्यांत कामाला ठेवण्यावर बंदी आली, पण कमी मजुरी आणि लांबलचक पाळ्या संपलेल्या नाहीत. म्हणून स्वस्ताईचं कारण शोधताना हेही पाहावं. घरची माणसं भटारखान्यात आणि गल्ल्यावर असतात, तेव्हा वाचलेला पगार घरातच राहतो. वर्षानुवर्षं तेच वेटर दिसतात, तेव्हा त्यांचं तिथे बरं चाललं असावं असं धरता येतं. आणि हा मुद्दा चवीपासून वेगळाही नाही. दर महिन्याला बदलणाऱ्या स्वयंपाक्याच्या हाताला सातत्य कुठून येणार?

या साऱ्याचा उपयोग करायचा तर क्रम उलटा लावावा. नव्या भागात गेल्यावर आधी विचारावं, की इथे एकटी राहणारी किंवा दुपारी घरी न जाऊ शकणारी माणसं कोण आहेत. बाजारातले हमाल, कोर्टातले कारकून, वसतिगृहातली मुलं, टॅक्सीवाले, परिचारिका. ती माणसं कुठे जेवतात हे विचारायला संकोच वाटू नये. ‘चांगलं हॉटेल कुठे आहे?’ या प्रश्नाला लोक पाहुण्याला शोभेल असं उत्तर देतात, तर ‘तुम्ही दुपारी कुठे जेवता?’ याला खरं. मग आजूबाजूला दोन-तीन ठिकाणं आहेत ना, गाळा जुना किंवा आडबाजूचा आहे ना, एवढं पाहून साधं ताट मागवावं. चुकलं तरी चूक थोडक्या पैशांची. आणि ठिकाण पटलं तर तिथे पुन्हा जावं. हे पुन्हा जाणंच मुळात महत्त्वाचं आहे, कारण आपल्याला मिळालेलं ते चांगलं ताट आपल्याआधी रोज तिथे जेवलेल्यांनी, पातळ आमटीबद्दल बोललेल्यांनी आणि पटलं नाही तेव्हा उठून गेलेल्यांनी राखलेलं असतं. जुन्या इमारतींचा पुनर्विकास होतो आहे, पागडीचे गाळे जात आहेत, आणि भाड्याची अट दिवसेंदिवस दुबळी होत जाणार आहे. तेव्हा या हॉटेलांना धरून ठेवण्याचं काम उरतं ते गिऱ्हाइकावर. जो नुसता शोधत फिरतो तो दुसऱ्यांच्या पहाऱ्यावर जेवतो. जो रोज जातो, भाव पटला तर देतो आणि मीठ कमी पडलं तर सांगतो, तो पुढच्या नव्या माणसासाठी ते हॉटेल सांभाळतो.